रात्रीत पिकलेली खारशेपटी

१

केसोन किंचाळली असती तर मी एवढा घाबरलो नसतो. ती नुसती कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बुनमाकाका, जरा येता का? झाडं म्हातारी झालीत."

मी विडा कुटत होतो. खलबत्ता तसाच खाली ठेवला आणि गेलो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. फू-फान डोंगराच्या पायथ्याच्या आमच्या गावात माझी ख्याती बरी नाही. माझ्या लहानपणी याच डोंगरात गांजाचं एक झाड इतकं माजलं होतं की एक रानहत्ती त्याच्या सावलीत बसला आणि पुढचा पंधरवडा हसत राहिला, ही गोष्ट माझी. लोक ऐकतात, हसतात आणि घरी गेल्यावर आपल्या कोंबड्या मोजून बघतात. केसोनच्या झाडांची गोष्ट मात्र जशी घडली तशी सांगतो आहे, कारण तिच्यात भर घालायला मला कुठे फट सापडली नाही.

खारशेपटी म्हणजे आमच्याकडचा गांजा. तुरा लांब आणि झुबकेदार, खारीच्या शेपटीसारखा, म्हणून हे नाव. घरी लावायची परवानगी आली त्या वर्षी ज्याच्या त्याच्या मागच्या दारी कुंड्या दिसायला लागल्या. कोणी हौसेने लावला, कोणी शेजाऱ्याने लावला म्हणून लावला. केसोनने लावला तो आईसाठी. तिची आई, खामपुनअक्का, पोटात गाठ घेऊन बाजेवर पडलेली. शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलेलं. तिच्या कण्हण्याने केसोनची झोप गेली होती, आणि झोप गेलेल्या माणसाला सगळ्या गोष्टी चाकूच्या टोकावर ठेवल्यासारख्या वाटतात.

त्या तुऱ्यांचं तेल थोंगसावैद्य काढून देणार होता. अडचण एकच होती, तोडायचं कधी. पुरतं पिकल्यावर तोडलं तर तेल माणसाला गाढ झोपवतं. थोडं आधी तोडलं तर दुखणं जरा बोथट होतं, पण माणूस जागा राहतो. अगदी कच्चं तोडलं तर नुसती छाती धडधडते आणि दुखणं आहे तिथेच. आणि फार वाट बघितली तर तुऱ्याच्या पोटात बुरशी शिरते, मग सगळंच उकिरड्यावर. नवीन झाडं लावून ती वाढेपर्यंत अक्का असेल याची खात्री कोणी देत नव्हतं. म्हणजे तोडणी एकदाच, आणि ती चुकली की चुकली.

वैद्याने केसोनला खूण सांगून ठेवली होती. तुऱ्यावर बारीक पांढरे केस असतात, ते तपकिरी होऊन आत वळले की झालं. केसोन उठताबसता ते केस बघायची. भात खाताना मधेच उठून बघून यायची.

तिचं घर खांबांवर आहे, आमच्या सगळ्यांच्यासारखं. अक्काला जिना चढवेना म्हणून तिची बाज खालच्या मोकळ्या जागेत टाकलेली. आदल्या संध्याकाळी पाऊस आला तेव्हा केसोनने आणि तिच्या धाकट्या भावाने, विरोतने, चारही कुंड्या ओढून घराखाली आणल्या आणि बाजेला लागून ओळीने ठेवल्या. मी कुंपणाच्या अलीकडून त्यांना सूचना करत होतो. तेव्हा केस पांढरेशुभ्र होते, हे मी शपथेवर सांगतो. अर्थात माझ्या शपथेचं गावात काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

आता ते तांबूस तपकिरी झाले होते. आत वळले होते. चारही झाडांवर.

"रात्रीत पिकली असतील का हो?" केसोन म्हणाली. तिला हो ऐकायचं होतं की नाही, तिचं तिलाही कळत नव्हतं.

थोंगसावैद्याला बोलावलं. तो आला, वाकला, बघितलं, आणि साप बघितल्यासारखा दोन पावलं मागे सरकला. रेडिओवर सकाळपासून सांगत होते की व्हिएतनामकडून वादळ निघालंय, उद्या इथे पोचेल. वैद्याने एकदा आभाळाकडे बघितलं आणि मग केसोनला सांगितलं की हे पिकणं नव्हे. कोणीतरी यावर काहीतरी घातलंय, विष किंवा त्याहून वाईट. त्याचं तेल तो काढणार नाही आणि कोणाला काढू देणार नाही.

"वादळ यायच्या आत जाळून टाक," तो म्हणाला, "नाहीतर हे पाण्याबरोबर विहिरीत उतरेल."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काल संध्याकाळी कुंपणापाशी मी उभा होतो, आणि गावात खोटं बोलणारा म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस एकच आहे.

२

मी माझ्या मेहुणीला फोन लावला.

सेंगजान माझ्या बायकोची धाकटी बहीण. बायको गेली, मेहुणी राहिली. सकोन नाखोन शहराच्या बाजारात तिचं टेबल असतं. गळ्यात घालायचे मातीचे छोटे बुद्ध, जुने ताईत, ती पारखून देते. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं छोटंसं भिंग, आणि त्या भिंगाला तिच्या टेबलाभोवतीचे झाडून सगळे पुरुष घाबरतात. नवा कोरा ताईत चहात बुडवून, धुरात धरून, घामट अंगाला घासून शंभर वर्षांचा करून आणणारे महाभाग असतात. ती एक डोळा मिटते, भिंग लावते आणि म्हणते, "छान आहे, मुलाला खेळायला द्या."

ती मोटारसायकलवरून आली. हेल्मेट काढायच्या आधी मला म्हणाली, "दाजी, या वेळी काय सांगितलंत लोकांना?"

मी काहीच सांगितलं नाही म्हणालो. ती म्हणाली, हेच तर काळजीचं आहे.

केसोनने तिला सगळं सांगितलं, मधे मधे अडखळत, तेच तेच दोनदा. सेंगजानने तिला बाजेच्या कडेला बसवलं आणि स्वतः कुंड्यांपाशी उकिडवी बसली. भिंग डोळ्याला लावलं. एकेक तुरा तिने बोटाने वळवून बघितला. अक्का बाजेवरून डोळे किलकिले करून तिच्याकडे बघत होती. बाहेर वारा पडलेला. वादळाच्या आधी पडतो तसा, छातीवर दगड ठेवल्यासारखा.

"दाजी, इकडे या. काय दिसतं सांगा."

मी भिंगातून बघितलं. तुऱ्यावर केसांच्या मधे बारीक बारीक देठांवर थेंब उभे असतात, राळेचे. टाचणीच्या डोक्यासारखे, पण काचेचे. ते सगळे लख्ख होते. पाण्यासारखे.

"पिकल्यावर हे दुधासारखे होतात," सेंगजान म्हणाली, "आणि पुरते पिकले की मधासारखे. केस म्हातारे झालेत, पण थेंब अजून बाळ आहेत. असं माणसात होतं, झाडात होत नाही."

मग तिने आणखी एक दाखवलं. तुरा पिकतो तो वरून खाली, उन्हाच्या बाजूने. इथे उलटं झालं होतं. खालचे तुरे तांबूस, मधले तांबूस, आणि अगदी वरचे शेंडे पांढरेच. आमच्यापैकी कोणी शेंड्यांकडे बघितलंच नव्हतं. घाबरलेला माणूस जे बघून घाबरला तेवढंच बघत राहतो.

तिने कापसाचा बोळा पाण्यात भिजवला आणि एका खालच्या तुऱ्यावरून हलकेच फिरवला. बोळा लालसर झाला. तिने तो हुंगला, जिभेच्या टोकाला लावला. केसोनने तोंडावर हात ठेवला. सेंगजान मेली नाही. तिने बोळा रुमालात बांधून खिशात टाकला, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुमच्या पोटात गोष्ट राहत नाही, दाजी. तिला बाहेर पडायची घाई असते."

तेवढ्यात अक्का क्षीण आवाजात म्हणाली की हात फार कोरडे पडलेत, कोणी खोबरेल देईल का. सकाळपासून तिसऱ्यांदा मागतेय, केसोन म्हणाली, आणि उठून तिला वाटीत तेल दिलं. अक्का पांघरुणाच्या आत हात चोळत बसली.

सेंगजान उभी राहिली, गुडघे झटकले.

"केसोन, हे विष नाही. आणि हे पिकणंही नाही. हे पिकल्याचं सोंग आहे. कोणीतरी रात्री बसून या झाडांना म्हातारं केलंय. माझ्या टेबलावर रोज येतं ते काम, ओळखते मी."

"पण कशासाठी?"

"तू फसून आज तोडावंस म्हणून."

केसोनने खांबाकडे बघितलं. वैद्य आला नसता तर तिने खरंच तोडलं असतं. कोयता तिने धार लावून तयार ठेवला होता, तो तिथेच खांबाला टेकलेला होता.

३

सेंगजानने कोणाला काल रात्री कुठे होतात असं विचारलं नाही. ती म्हणाली, रात्री सगळेच घरी असतात आणि सगळेच झोपलेले असतात, विचारून काय मिळणार. तिने प्रत्येकाला एकच विचारलं. कधी तोडावं?

पहिला विरोत. तो अंगाने उंच. घराखाली येताना त्याचं डोकं तुळईला आपटायचं आणि तो दर वेळी तुळईलाच शिव्या घालायचा. शहरात टायरच्या दुकानात कामाला होता, आईसाठी रजा घेऊन आला होता आणि रजा संपून गेली होती. तो म्हणाला, आज. आत्ता. ताई वाट बघत बसते, लग्नातही अशीच बसली होती, नवरा शेवटी बँकॉकला गेला तो गेलाच. बुरशी लागल्यावर रडायचं त्यापेक्षा जे आहे ते तोडा. मला वाटलं, सापडला. रात्री तो दारू पिऊन वर झोपला होता असं तो म्हणत होता, आणि त्याच्या घोरण्याने माझ्या कोंबड्या जाग्या होत्या हे मी सांगू शकत होतो. पण घोरण्याचं सोंगही आणता येतं.

दुसरी नुकेन. चौकात तिची नूडलची गाडी. रश्शात घालायला ती केसोनच्या झाडांची खालची पानं खुडून न्यायची, रोज सकाळी, खाली वाकून. खालची. हे ऐकून मी सेंगजानला कोपर मारलं. नुकेनही विडा खाते, तोंड कायम लाल. ती म्हणाली, माझं विचाराल तर कधीच तोडू नये, माझ्या रश्शाला गिऱ्हाईक लागलंय. मग जरा ओशाळली आणि म्हणाली की तसं नाही, अक्कासाठी तोडाच, पण पानं माझी.

थोंगसावैद्य रागावलेला होता. त्याने खूण बदलायची नाही असं ठणकावलं. केस तपकिरी झाले की तोडायचं, उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी तोडायचं नाही, आणि भिंगबिंग त्याला मान्य नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एकाच्या पुरत्या पिकलेल्या झाडाचं तेल त्याने अक्काला थोडं दिलं होतं. केवढी झोपली होती ती. दिवस उगवला, मावळला, पुन्हा उगवला, अक्का आपली झोपलेली. हे सांगताना त्याची छाती फुगली. तो लवकर तोडायचं कधीच म्हणाला नसता.

मग सेंगजान माझ्याकडे वळली. "हात दाखवा, दाजी."

मी दाखवले. तिने माझी बोटं हुंगली, चिमटीत दाबून बघितली आणि सोडून दिली. मला जरा वाईटच वाटलं. इतकी वर्षं खोटं बोलून एखाद्या दिवशी तरी माझ्यावर नीट संशय घ्यायला हवा होता.

शेवटी केसोन. कधी तोडावं विचारल्यावर तिने सेंगजानला आईपासून दूर, कुंपणाकडे ओढलं.

"आई झोपेल तेव्हा," ती म्हणाली. "मावशी, ती कण्हते ना, तेव्हा मला घर सोडून पळून जावंसं वाटतं. कोणाला सांगू नका. मला फक्त तिला शांत झोपलेली बघायचीय."

दुपार कलली तसा वारा सुटला. पूर्वेकडून आभाळ जांभळं होत आलं, आणि त्या आभाळाखालून थोंगसावैद्य परत येताना दिसला. बरोबर चार माणसं, आणि एकाच्या हातात रॉकेलचा डबा. विरोत तुळईला डोकं आपटून बाहेर धावला आणि त्यांच्याशी हुज्जत घालायला लागला. केसोन कुंड्यांच्या पुढे हात पसरून उभी राहिली. 

मी सेंगजानला म्हणालो की आता काय ते सांग, नाहीतर ते जाळतील.

ती म्हणाली, "मी सगळ्यांना विचारलं, दाजी. कधी तोडावं म्हणून सगळ्यांना विचारलं. एका माणसाला कोणी विचारलंच नाही."

४

तिने केसोनला वैद्याला थोडा वेळ थोपवायला पाठवलं आणि बाजेच्या कडेला जाऊन बसली. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. मला कोणी जा म्हणालं नाही आणि मी ते कोणाला सुचवलं नाही.

"अक्का," सेंगजान म्हणाली, "हात दाखव."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पांघरुणातून हात काढला. खोबरेल चोळूनही बोटांच्या टोकांना काळपट डाग होते, चिकट. गांजाची राळ पाण्याने जात नाही, तेलानेच जाते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. आणि आम्ही सगळे सकाळपासून तिला तेलाच्या वाट्या भरून देत होतो.

सेंगजानने मांडलं ते असं. बोळ्यावर लागलं होतं ते विड्याचं पाणी. कात, चुना आणि सुपारीचा तुरटपणा, ताईत जुना करायला हेच वापरतात. विडा खाणारे इथे तिघं. मी, नुकेन आणि अक्का. माझी बोटं स्वच्छ. नुकेनला तोडणीच नको, ती कशाला लवकर पिकवेल? लवकर तोडायला हवं होतं ते विरोतला. पण विरोत विडा खात नाही, आणि तो उभा राहिला की शेंडे त्याच्या हनुवटीला लागतात. त्याने केलं असतं तर वरून केलं असतं. हे ज्याने केलं त्याचा हात शेंड्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणजे करणारं माणूस उभं नव्हतं. कुंड्या काल संध्याकाळी पहिल्यांदा घराखाली आल्या आणि बाजेला टेकल्या. त्याच रात्री झाडं पिकली.

"बसून केलंस ना, अक्का? तुझ्या खलबत्त्यातलं विड्याचं पाणी बोटाने लावत. कण्हायचा आवाज येऊ न देता."

अक्काने नाकारलं नाही. तिचं ते वय राहिलं नव्हतं. ती म्हणाली, "वरच्यांना हात पुरेना गं. लई दुखलं."

मला वाटलं होतं सेंगजान आता का म्हणून विचारेल. तिने अक्काचं मनगट उलटं केलं. आमच्याकडे आशीर्वाद म्हणून मनगटाला सुती दोरा बांधतात. अक्काच्या हाताला पांढरे पुष्कळ होते, गावातल्यांनी बांधलेले. त्यांच्यात एक निळा होता, नीळ घातलेला, जुना, झिजलेला.

"हा कोणी बांधला?"

"तेच तर," अक्का म्हणाली. "तेच मला ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे. पण बघितलं नाही."

तिची धाकटी बहीण, बुआखाम, नदीपलीकडे लाओसमध्ये दिलेली. दोघी भेटल्या त्याला एक आयुष्य लोटलं होतं. गेल्या वर्षी बुआखाम होडीने नदी उतरून, मग बसने, पाय ओढत ओढत अक्काला बघायला आली. नेमकी वैद्याने तेल दिलं त्याच दिवशी. अक्का झोपलेली. आजारी माणूस झोपला की त्याच्या अंगातला फिरता जीव बाहेर हिंडायला जातो, असं आम्ही मानतो. मधेच उठवलं तर तो बाहेरच राहून जातो. म्हणून कोणी तिला उठवलं नाही. केसोनने नाही, मी नाही, बुआखामनेही नाही. ती बाजेपाशी दिवसभर बसली, बहिणीच्या मनगटाला दोरा बांधला, आणि सीमा ओलांडायच्या परवान्याची मुदत संपत होती म्हणून संध्याकाळी निघून गेली. अक्का उठली तर हातावर निळा दोरा आणि बाजेपाशी कोणी नाही.

"ती भिक्खूंचा वर्षावास संपला की पुन्हा येणारे," अक्का म्हणाली. "पौर्णिमेला. पुढच्या वर्षी येईल असं काही दोघींचं राहिलं नाही. आणि ही पोर मला झोपवायला बसलीय. तोंडभरून सांगत असते, आई, या वेळी तुला छान झोप लागेल. मी म्हटलं होतं, मला नको झोप. म्हटलं होतं ना रे बुनमा?"

म्हटलं होतं. मी ऐकलं होतं. केसोनने उशी सारखी केली होती, वैद्याने डोक्यावर हात ठेवला होता, आणि मी तिला हत्तीची गोष्ट सांगितली होती.

"मग पुन्हा सांगायचं. भांडायचं," सेंगजान म्हणाली.

"कुणाशी? जी माझं हगणंमुतणं काढते तिच्याशी?"

 सेंगजानने भिंग पुसलं.

मग तिने अक्काला दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तिचा आवाज कडक होता. थेंब अजून पाण्यासारखे आहेत, अक्का. आज तोडलं असतं तर तुला झोपही लागली नसती आणि दुखणंही कमी झालं नसतं. पौर्णिमेला तू छाती धरून तळमळत असतीस आणि बहीण घाबरून रडत असती. तुला हवंय ते दूध झाल्यावरचं. त्याला अजून थोडे दिवस आहेत.

अक्का हे ऐकून घाबरली. सबंध दिवसात ती घाबरलेली मी तेवढीच बघितली.

मी मान वळवली तर जिन्याच्या खांबाआड केसोन उभी होती. कधीपासून, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

५

वैद्य रॉकेल घेऊन आत आला तेव्हा वाऱ्याने पत्रे खडखडत होते. सेंगजानने त्याच्यासमोर एक तांबूस तुरा पाण्याच्या वाडग्यात बुडवला, बोटाने हलवला. पाणी लाल झालं आणि केस बऱ्यापैकी पांढरे झाले. जे धुवून निघतं ते विष नव्हे, ती म्हणाली, आणि करणी तर नव्हेच. हे विड्याचं पाणी आहे.

"कोणाचं?" वैद्याने विचारलं.

सेंगजानने माझ्याकडे बघितलं. तिचा विचार माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आमची नात्यातली एवढी वर्षं वाया गेलेली नाहीत.

मी पुढे झालो आणि सांगितलं की काल रात्री मी अक्काला सोबत म्हणून बसलो होतो. बोलता बोलता मला हत्तीची गोष्ट आठवली. त्या हत्तीचं हसणं करून दाखवताना तोंडात विडा होता हे विसरलो, आणि एवढा मोठा ठसका आला की चारही झाडं न्हाली. वैद्याने माझ्याकडे बघितलं, झाडांकडे बघितलं. गावात कोणी माझ्या गोष्टीवर विश्वास ठेवल्याचं ते पहिलंच उदाहरण असेल. तो मला जे बोलला ते इथे लिहीत नाही. पण तो रॉकेल घेऊन परत गेला, आणि जाताना म्हणाला की तेल काढून देईन, मात्र थुंकलेले तुरे वेगळे काढा.

खालचे तुरे आम्ही कापून फेकले. शेंडे राहिले.

केसोन आईशी बोलली नाही. त्या संध्याकाळी तरी नाही. तिने आईला भात भरवला, तोंड पुसलं, आणि कुंड्या बाजेकडे कलत्या करून टेकवल्या, इतक्या की शेंडे अक्काच्या हाताला लागतील. मग सेंगजानकडे हात पुढे केला आणि भिंग मागितलं. सेंगजान कोणालाही भिंग देत नाही. तिने दिलं. केसोनने ते आईच्या गळ्यात घातलं.

"तू बघ," ती म्हणाली. "तू म्हणशील तेव्हा तोडीन."

वादळ आलं, घरावरून गेलं, माझ्या गोठ्याचं छप्पर नेलं. ते कुठपर्यंत नेलं याची एक वेगळी गोष्ट आहे. पुढचे सगळे दिवस चिकट, ओले. केसोन दिवसभर तुऱ्यांना पंख्याने वारा घालायची, बुरशीचा राखाडी ठिपका शोधत फिरायची, आणि मग आईच्या तोंडाकडे बघायची. विरोतने दुकानात फोन करून रजा वाढवून घेतली आणि घराखाली बल्ब लावून दिले. अक्का रोज सकाळी एक डोळा मिटून भिंग लावायची. रोज म्हणायची, अजून नाही. केसोन काही बोलायची नाही, पण आत जाऊन भांडी जोरात आपटायची. आई कण्हत होती, हाताशी औषध उभं होतं, आणि तोडायचं नाही. मी तिला त्या दिवसांत एकदाही बसून जेवताना बघितलं नाही.

एका सकाळी एका तुऱ्याच्या पोटात राखाडी ठिपका सापडला. केसोनने कोयता उचलला आणि बाजेपाशी आली.  अक्काने भिंग लावलं. केसोनने तिचा हात खालून धरला. दोघी एकाच तुऱ्यावर वाकल्या. मला कुंपणाच्या अलीकडून एवढंच दिसत होतं, दोन पाठी.

"दूध झालं," अक्का म्हणाली. "तोड."

पौर्णिमेला बुआखाम आली. तिकडे नदीत दिव्यांच्या होड्या सोडायची तयारी चालली होती आणि ही बाई काठी टेकत आमच्या गल्लीतून येत होती, अंगावर निळीच्या सुताचं लुगडं, हातात चिकट भाताची टोपली. अक्का उशीला टेकून जागी बसली होती. कपाळावर घाम होता. तेलाने दुखणं गेलं नव्हतं, नुसतं चार पावलं मागे सरकून उभं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

मला वाटलं होतं दोघी गळ्यात गळे घालून रडतील. दोघींनी पहिल्या घोटभर पाण्यानंतर भांडायला सुरुवात केली. लहानपणी आईचा रांजण कोणी फोडला यावरून. बुआखाम म्हणाली तू, अक्का म्हणाली तू. बुआखामने साक्षीदार म्हणून मेलेल्या दोन माणसांची नावं घेतली, अक्काने ते दोघंही खोटारडे होते असं सांगितलं. नुकेन रस्सा घेऊन आली ती तिथेच बसून राहिली. मी मधे काही बोलायला गेलो तर दोघींनी मला एकदम गप्प केलं.

केसोन बाजेपाशी उकिडवी बसून आईच्या तोंडाकडे बघत होती. एकदा अक्काने ओठ चावला आणि बाजेची कड घट्ट धरली. केसोन लगेच पुढे झाली. तीन झाडं तोडून उरलेल्या एका झाडाचे तुरे तिने पुरते पिकू दिले होते, त्याचं झोपेचं तेल वेगळ्या बाटलीत होतं, आणि ती बाटली तिच्या हातात होती.

"आई, फार दुखतंय का?"

"दुखतंय," अक्का म्हणाली. "तू जरा बाजूला सरक. तिचं तोंड दिसत नाहीये."